शेवटचं कडवं वाटेत आहे

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४. मयूर विहार. सकाळी ७

टक्, टकटक्, टक्. भालचंद्र गुरुजी कविता शिकवताना बोटातली अंगठी खडूच्या पत्र्याच्या डब्यावर वाजवून ताल धरायचे. साठ वर्षं झाली, आवाज कानात तसाच आहे. खामगाव, मार्च १९६४, अकरावीचा शेवटचा तास. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या कवितेचं शेवटचं कडवं वर्गाला सांगितलं आणि मी निबंधाची वही आणली नाही म्हणून बाहेर व्हरांड्यात उभा. भिंतीतून ताल ऐकू आला. शब्द नाहीत.

कवितेचं नाव ‘ओढा’. कुठे छापली गेली नाही. गुरुजी एकाहत्तर साली गेले. आता शाळेला शंभर वर्षं होत आहेत, स्मरणिका निघते आहे. तीत ही कविता जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणीतून जुळवून देण्याचं काम मी आपण होऊन घेतलं. एकूण आठ कडवी. सहा मला पाठ:

शाळेमागे वाहे ओढा, ओढ्याला ना घाई;
जाई जाई म्हणतो तरिही जात कुठेही नाही.

काय सोपं, काय खोल. मग तो ओढा शेवटी गेला का कुठे? ते आठव्या कडव्यात आहे. तेवढं एकदा कळलं की झालं. माझी दुसरी काही मागणी उरलेली नाही.

स्मरणिकेची शेवटची तारीख १५ डिसेंबर. हातात सत्तर दिवस. वेळच वेळ.

वर्गातले हयात आणि ईमेलवाले दोनच. अकोल्याचा हणमंत, नागपूरची प्रमोदिनी. प्रमोदिनी कायम पहिली यायची. तिला आता फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे सगळा व्यवहार ईमेलने. व्हॉट्सॲप मी वापरत नाही. तिथे कविता मागवली तर तिच्या मागे गुलाबाचं फूल आणि गुड मॉर्निंग चिकटून येईल.

मंगळवार, ८ ऑक्टोबर. गुरुग्राम

सोमवार ते शुक्रवार माझा आणि पद्मजाचा मुक्काम मुलाकडे, यशोधनकडे. नात शाळेतून येते तेव्हा घरात कोणीतरी हवं. सतरावा मजला. इथे माझ्यासाठी लॅपटॉप आहे, मयूर विहारला डेस्कटॉप.

अडचण अशी. हणमंतने सातवं कडवं पाठवलं, ते रविवारी डेस्कटॉपवर आलं. इथे लॅपटॉपवर नाही. यशोधनला विचारलं. तो म्हणाला, बाबा, डेस्कटॉपवर पॉप आहे, तो मेल उतरवून घेतो आणि सर्व्हरवरून काढून टाकतो, म्हणून इथे दिसत नाही. मी म्हटलं, योग्यच आहे. चौतीस वर्षं दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात सेक्शन सांभाळलं. एक कागद एका टेबलावर. तोच कागद दोन टेबलांवर गेला की दोन शेरे पडतात आणि नंतर दोन चौकश्या लागतात.

तो म्हणाला, बिल्कुल, पण हे ऑफिस नाहीये.

हेच त्यांच्या पिढीचं चुकतं.

शनिवार, १२ ऑक्टोबर. मयूर विहार

योजना ठरली. शनिवारी डेस्कटॉपवरची पत्रं पेन ड्राइव्हवर घ्यायची, सोमवारी गुरुग्रामला लॅपटॉपवर उतरवायची. शुक्रवारी उलट. पूर्वी डाक घेऊन सांडणीस्वार जायचे. मी मेट्रोने जाईन.

सातवं कडवं वहीत उतरवून घेतलं. हणमंत अभ्यासात यथातथाच, पण हे त्याने जपलं:

पाटी फुटली, पुस्तक भिजले, शाई गेली वाहून;
ओढा हसला, म्हणे, गड्या तू पाण्यावर घे लिहून.

डोळ्यांत पाणी आलं. पद्मजा म्हणाली, कांदा चिरतेय मी, तिकडे बसा जाऊन.

सोमवार, १४ ऑक्टोबर. गुरुग्राम

मेट्रोच्या एक्स-रे मशीनमधून पेन ड्राइव्ह पाठवला तर अक्षरं पुसतील अशी मला शंका होती. म्हणून मुठीत धरून नेला. जवान म्हणाला, अंकल, मुट्ठी खोलिए. मी म्हटलं, कविता है. त्याने मला बाजूला उभं केलं. पद्मजा पुढे निघून गेली आणि माझ्याशी ओळख नसल्यासारखी लिफ्टजवळ उभी राहिली.

राजीव चौकात गाडी बदलली, गर्दीतही मूठ सोडली नाही.

संध्याकाळी. पेन ड्राइव्हमध्ये पत्रं नाहीत. कृतिकाने बघितलं. सूनबाई हुशार आहे. म्हणाली, बाबा, तुम्ही शॉर्टकट कॉपी करून आणलाय. घराचा पत्ता आणलाय, घर तिकडेच राहिलंय.

तत्त्व बरोबर होतं. अंमलबजावणीत किरकोळ त्रुटी.

रविवार, ३ नोव्हेंबर. मयूर विहार

दिवाळी झाली. हवेचं बोलायला नको, समोरची बिल्डिंग दुपारी बाराला दिसते.

यशोधन दोन दिवस इथे होता. दोन्ही कॉम्प्युटर त्याने आयमॅपवर केले, पासवर्डही बदलला. समजावून सांगितलं. पॉप म्हणजे पोस्टमन पत्र घरात टाकून जातो. आयमॅप म्हणजे पत्र पोस्टातच राहतं आणि आपण ते दोन खिडक्यांतून बघतो. पोस्ट म्हटल्यावर मला खामगावचं पोस्ट आठवलं. दुपारी तीनची डाक, लाखेचा वास, आणि आमचा पोस्टमन विठ्ठल, जो पत्र देण्याआधी वरूनच सांगायचा की मामाचं आहे, बातमी चांगली आहे. कसली माणसं होती.

यशोधनचं पुढचं बोलणं डिलीटबद्दल होतं. महत्त्वाचं असतं तर त्याने दोनदा सांगितलं असतं.

पद्मजा म्हणते त्याने तीनदा सांगितलं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर. गुरुग्राम. दुपारी ४.१०

आलं. प्रमोदिनीचं पत्र आलं. विषयाच्या जागी लिहिलं आहे: शेवटचं कडवं आठवलं.

उघडलं नाही. साठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते इथे, सतराव्या मजल्यावर, कुकरच्या शिट्ट्यांत आणि नातीच्या कार्टूनच्या आवाजात वाचायचं नाही. शनिवारी मयूर विहारला. आंघोळ करून, माझ्या खुर्चीत, शांतपणे. मन घट्ट केलं.

पद्मजा म्हणाली, उघडा हो, कडवं आहे, कुलदैवत नाही.

तिला कवितेतलं कळत नाही. स्वैपाक उत्तम करते.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर. गुरुग्राम

निघण्यापूर्वी लॅपटॉप नीट तपासला. काय पाहतो? डेस्कटॉपवर आहेत तीच पत्रं इथेही. दोनशे बारा. शब्दाला शब्द. हा आयमॅपचा गोंधळ. दोन टेबलांवर एकच कागद, ज्याची मला भीती होती.

सर्व्हिसमध्ये दर पाच वर्षांनी वीडिंग व्हायचं. जास्तीच्या प्रती काढून टाकायच्या, मूळ ठेवायचं. मूळ मयूर विहारला सुरक्षित आहे, तेव्हा लॅपटॉपवरच्या दोनशे बारा प्रती एकदम निवडून काढल्या. प्रमोदिनीची न उघडलेली प्रतसुद्धा, कारण तिचं पत्र मी वाचणार आहे ते तिकडेच. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. कचरा घरात ठेवून झोपू नये.

यशोधनला विचारायचं का, असं पद्मजाने सुचवलं. प्रत्येक गोष्टीत मुलाला विचारलं तर आपण कशाला आहोत.

मन हलकं झालं.

शनिवार, १६ नोव्हेंबर. मयूर विहार. सकाळी ९

आंघोळ झाली. खुर्ची पुसली. उदबत्ती लावली. कॉम्प्युटर सुरू केला. गेल्या रविवारपर्यंतची दोनशे अकरा पत्रं समोर, प्रमोदिनीचं तेवढं वर यायचं होतं. चष्मा पुसायला काढला, घातला, आणि पत्रं कमी व्हायला लागली. वरून खाली, ओळीनं. शाळेत फळा पुसावा तशी.

९.२०. एकही नाही.

९.४५. विचार केला. आयमॅपमध्ये पत्र पोस्टात असतं असं यशोधन म्हणालाच होता. म्हणजे ही पत्रं पोस्टात परत गेली असणार आणि क्रमाने येतील. धुरामुळे विमानं लेट, गाड्या लेट, शाळा बंद. मेलचंच काय एवढं. वाटेत आहे. संध्याकाळपर्यंत येईल.

संध्याकाळी. नाही आलं. विजेचं बिल आलं.

रविवार, १७ नोव्हेंबर. मयूर विहार

प्रमोदिनीला पत्र लिहिलं. कडवं मिळालं नाही असं लिहिलं तर तिला वाईट वाटेल, शिवाय आपण बेजबाबदार ठरू. म्हणून असं लिहिलं: आपले पत्र मिळाले. कडवे वाचून धन्य झालो. संग्रहासाठी आणखी एक प्रत पाठवल्यास आभारी होईन. खाली पूर्ण पत्ता, सेक्टर, मजला, लिफ्ट नाही ही सूचना आणि पिनकोडसह. पत्राखाली पत्ता असलाच पाहिजे, ईमेल असलं म्हणून काय झालं.

पाठवलं. आउटबॉक्स: १. म्हणजे आपल्याकडून गेलं. कागद आउट ट्रेमध्ये पडला की आपली जबाबदारी संपली.

रविवार, २४ नोव्हेंबर. मयूर विहार

लॅपटॉपला आता हात लावत नाही. नवी शिस्त. पत्रव्यवहार फक्त डेस्कटॉपवर, फक्त शनिवार-रविवारी. दोन टेबलं नकोत, गोंधळ नको.

प्रमोदिनीचं उत्तर नाही. काल तीन पत्रं लिहिली, आज दोन. एक तिला, एक पुन्हा तिलाच, कारण पहिल्यात तब्येत विचारायची राहिली होती. आउटबॉक्स: ६. जावक कशी भराभर वाढते आहे.

पद्मजा म्हणाली, मला आयुष्यात तुमची दोन पत्रं आली. त्यातलं एक भाडेकराराबद्दल होतं.

शनिवार, ३० नोव्हेंबर. मयूर विहार

उत्तर नाही. सकाळी चार स्मरणपत्रं लिहिली, तरी नाही. हा हिचा जुना स्वभाव. परीक्षेत पेपरावर कोपर ठेवून लिहायची, की मागच्याला दिसू नये. मागच्या बाकावर मी होतो. आज तिला स्पष्ट लिहिलं की कोपर आतातरी काढावं. गुरुजींची कविता तुमच्या एकट्यांची नव्हे.

दुपारी. जरा कडक झालं. दुसरं पत्र लिहिलं की आधीच्या पत्राकडे दुर्लक्ष करावे.

४ वाजता. ‘दुर्लक्ष करावे’ हे तुटक वाटेल. तिसरं लिहिलं. त्यात मनातलं थोडं उतरलं. व्हरांडा, भिंत, मी सत्तावन्न किलोचा होतो आणि आता बहात्तर आहे, वगैरे.

आउटबॉक्स: १३.

मंगळवार, ३ डिसेंबर. गुरुग्राम

हणमंतला फोन केला. आठवं कडवं आठवतं का विचारलं. मोठ्या आत्मविश्वासाने त्याने सातवंच म्हणून दाखवलं. म्हटलं, हे तर तू पाठवलंस. तो म्हणाला, मग आठ झालीच की.

दिवाळीपासून तुझा एकही मेल नाही, रुसलास का, असंही म्हणाला. मी त्याला तीन पाठवली आहेत. हणमंतची स्मृती आता गेली. वाईट वाटलं.

शनिवार, ७ डिसेंबर. मयूर विहार

आज काय झालं ते शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.

कृतिका सामान द्यायला आली होती. सहज डेस्कटॉपपाशी बसली. म्हणाली, बाबा, आउटबॉक्समध्ये एकोणीस मेल आहेत. मी म्हटलं, हो, बऱ्यापैकी जावक आहे. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली की आउटबॉक्स म्हणजे गेलेले नाहीत, अडकलेले. इथून पाठवायला जुनाच पासवर्ड राहिलाय, यशोधन बदलायला विसरला. मी थांब म्हणेपर्यंत तिने नवा टाइप केला, आणि एकोणीसच्या एकोणीस एका दमात गेली.

धन्य झालो, एक प्रत पाठवा, प्रत पाठवा, कृपया पाठवा, कोपर काढा, दुर्लक्ष करावे, आणि ते व्हरांड्याचं. तीन हणमंतला, बाकी सगळी प्रमोदिनीला. एका बाईच्या दारात एका मिनिटात सोळा पत्रं.

कृतिकाला वाटलं, तिने मोठं काम केलं. थँक यू म्हटलं.

मग हिय्या करून दोनशे बारा पत्रांचं विचारलं. तिने टोपली उघडली. रिकामी. लॅपटॉपवर काही डिलीट केलं होतं का, असं विचारलं. वीडिंग केलं असं मी सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, बाबा, दोन खिडक्या असल्या तरी आत खोली एकच आहे हो.

आता कळलं. एका खिडकीतून हात घालून मी दोन्ही खिडक्यांतलं बाहेर फेकलं. मूळ असं कुठे नव्हतंच. आणि ते एक पत्र मी उघडलंही नव्हतं. जेवलो नाही.

५ वाजता. जेवलो. निराश व्हायचं कारण नाही. प्रमोदिनी व्यवस्थित बाई आहे, तिच्याकडे पाठवलेल्या पत्रांत ते असणारच. आता पत्र खरोखर गेलं आहे. दोन दिवसांत प्रत येईल. आठ दिवस आहेत.

बुधवार, ११ डिसेंबर. गुरुग्राम

नाही. दोन्ही कॉम्प्युटर एक आहेत हे आता पटल्यामुळे लॅपटॉपवर दर अर्ध्या तासाला पाहतो.

वाट पाहता पाहता एक विचार आला. गुरुजींची शैली मला ठाऊक आहे. आठवं कडवं मीच का रचू नये, निदान प्रत येईपर्यंत? दोन तास बसलो. ओढा नदीला मिळतो असं केलं. पद्मजाला वाचून दाखवलं. म्हणाली, ओढ्याने नदीकडे अर्ज पाठवलाय असं वाटतंय, योग्य त्या कार्यवाहीसाठी.

फाडलं. खरं म्हणजे तिचं बरोबर होतं. दुसऱ्या ओळीत ‘यथावकाश’ आलं होतं.

शुक्रवार, १३ डिसेंबर. गुरुग्राम

नाही.

शनिवार, १४ डिसेंबर. मयूर विहार

नाही. स्मरणिकेच्या संपादकांचा मेल आला, उद्या संध्याकाळपर्यंत पाठवा, नाहीतर पानावर जाहिरात घ्यावी लागेल. कसली जाहिरात ते लिहिलं नाही. बहुधा सिमेंटची.

सात कडवी टाइप करून ठेवली. आठव्याच्या जागी टिंबं. ओढा मध्येच थांबतो. वाचणाऱ्याला वाटेल गुरुजींनीच थांबवला.

कोपराचं लिहायला नको होतं.

रविवार, १५ डिसेंबर. मयूर विहार. सकाळी ११.५०

घाईत लिहितो आहे. आतल्या खोलीत आहे.

अकराला बेल वाजली. गॅसवाला असेल म्हणून पद्मजाने रिकामा सिलेंडर पुढे सरकवला आणि मी दार उघडलं. एक म्हातारी बाई. शाल, दोन्ही कानांत मशीनं, दोन जिने चढून आल्यामुळे दम लागलेला. मागे एक तरुण बाई पर्स सावरत. म्हातारीने मला खालून वर पाहिलं आणि खूप मोठ्याने, खालच्या मजल्यालाही कळेल इतक्या मोठ्याने विचारलं की बहात्तर किलो ते तुम्हीच ना.

प्रमोदिनी.

सोबतची तिची भाची, अक्षया, नोएडाला असते. प्रमोदिनी दर हिवाळ्यात महिनाभर तिच्याकडे येते म्हणे. मला माहीत नव्हतं. मागच्या शनिवारी तिने मेल उघडला, तर सोळा पत्रं. चार दिवस पुरवून वाचली. तिसऱ्या दिवशी व्हरांड्याचं आलं, तेव्हा ती अक्षयाला म्हणाली की उत्तर लिहीत नाही, पत्ता आहे खाली, जाऊनच येते. लिफ्ट नाही हेही वाचलं होतं, तरी आली. कोपराबद्दल म्हणाली, हो, ठेवायची मी कोपर, तुम्ही मागून मानेवर श्वास सोडायचात.

मी हसलो. फार बरं वाटलं. साठ वर्षांनी बरं वाटलं. मग मी कडव्याचं काढलं, जरा आडून, की संग्रहासाठी ती प्रत.

तिने सांगितलं ते असं. नोव्हेंबरात एका दुपारी मेथी निवडताना आठव्या कडव्याच्या दोन्ही ओळी एकदम आठवल्या. हात न पुसता उठली, लिहून मला पाठवल्या. पाठवल्यावर इतकं निश्चिंत वाटलं की आठ दिवसांत दोन्ही विसरली. आता प्रयत्न करते तर पहिला शब्दसुद्धा येत नाही. नदी आहे का त्यात, मी विचारलं. म्हणाली, काहीच आठवत नाही हो, पण रडले होते एवढं आठवतं.

पाठवलेल्या पत्रांत असेल ना, मी विचारलं. दोनदा, मोठ्याने. ती म्हणाली, गेलेली पत्रं मी दर रविवारी काढून टाकते. दिलेलं परत आपल्या घरात कशाला.

पद्मजाने माझ्याकडे पाहिलं. चहा ठेवायला गेली.

तर प्रमोदिनी ते वाचायला आली आहे. माझ्या पहिल्याच पत्रात आहे ना की वाचून धन्य झालो. तिने ते छापून आणलं आहे, पर्समधून काढून मला दाखवलं. म्हणाली, तुमच्याकडे आहे हे वाचलं आणि जिवात जीव आला, नाहीतर ते गुरुजींबरोबरच गेलं असतं. प्रत मागत होतात तेव्हा जरा कोड्यात पडले, मग म्हटलं, मिळालेलं कडवं पुन्हा मागतात म्हणजे नुसतं बोलायला हवं असेल माणसाला.

डेस्कटॉप सुरू करून येतो असं सांगून मी आत आलो. जुना आहे, वेळ लागतो, हेही सांगितलं. ती म्हणाली, लागू दे, अक्षयाला चारला बोलावलंय.

अक्षया गेली. चहाचे कप वाजताहेत. पद्मजा तिला शेव घ्या म्हणते आहे आणि ती सात कडवी भराभर म्हणून दाखवते आहे, एकही शब्द न चुकता. सातवं संपलं.

मॉनिटर केव्हाच लागला आहे. इनबॉक्समध्ये विजेचं बिल आणि संपादकांचा मेल आहे. ती बाहेरून विचारते आहे, खुर्ची आत आणू का.